सायस्मिक डेटा प्रोसेसिंगमधील स्टॅटिक आणि आयाम दुरुस्त्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायस्मिक डेटावर करायच्या स्टॅटिक दुरुस्त्या आणि आयामाच्या, म्हणजे अँप्लिट्यूडच्या, दुरुस्त्या यांमागचे गणित फारसे अवघड नाही. अडचणी बहुधा ते गणित सॉफ्टवेअरमध्ये लागू करताना येतात. एखादी दुरुस्ती नुसती मोजली गेली आहे की ट्रेसवर, म्हणजे एका रिसिव्हरने नोंदवलेल्या संकेतावर, प्रत्यक्ष लागूही झाली आहे, कोणत्या पातळीपर्यंत लागू झाली आहे आणि पुढच्या टप्प्याने ती पुन्हा तर लावली नाही ना, हे प्रश्न सतत उभे राहतात. पुढील उत्तरे मुख्यतः या हिशेबाला धरून दिली आहेत. प्राथमिक प्रक्रिया येणारा, पण प्रत्येक मॉड्यूलच्या पोटात काय चालते याची खात्री नसलेला वाचक येथे गृहीत धरला आहे.

स्टॅटिक दुरुस्ती आणि नॉर्मल मूव्हआउट या दोन्ही वेळेच्याच दुरुस्त्या असताना त्या वेगळ्या का ठेवतात?

नॉर्मल मूव्हआउट म्हणजे ऑफसेटमुळे, म्हणजे शॉट आणि रिसिव्हर यांच्यातील अंतरामुळे, होणारा विलंब काढणे. त्यात एकाच ट्रेसवरील प्रत्येक नमुना वेगवेगळ्या प्रमाणात सरकतो, कारण ती दुरुस्ती परावर्तनाच्या वेळेवर, ऑफसेटवर आणि वेगावर अवलंबून असते. स्टॅटिक दुरुस्तीत मात्र संपूर्ण ट्रेस वरपासून खालपर्यंत एकाच मूल्याने सरकतो. पृष्ठभागालगतच्या विदारित, म्हणजे झिजून सैल झालेल्या, थरात लहरींचा वेग फार कमी असतो. तो अनेकदा सेकंदाला ३०० ते ८०० मीटर एवढाच असतो, तर त्याच्या लगेच खाली तो २००० मीटरच्या आसपास जाऊ शकतो. वेगातील या मोठ्या फरकामुळे स्नेलच्या नियमानुसार खालून येणारे किरण या थरात जवळजवळ उभे होतात, म्हणून उथळ आणि खोल अशा सर्व परावर्तनांना एका ठिकाणी जवळपास सारखाच विलंब होतो. स्टॅटिक दुरुस्तीचा सगळा डोलारा या एका गृहीतकावर उभा आहे आणि ते कोठे ढासळते हे शेवटच्या प्रश्नात पाहिले आहे.

डेटम आणि रिप्लेसमेंट वेग यांवरून प्रत्यक्ष मूल्य कसे निघते?

डेटम म्हणजे सर्व वेळा ज्या समान पातळीवर आणायच्या ती पातळी, आणि रिप्लेसमेंट वेग म्हणजे विदारित थराखालून तेथपर्यंतच्या अंतरासाठी धरलेला वेग. एक उदाहरण घेऊ. रिसिव्हर ४१२ मीटर उंचीवर आहे, विदारित थर १२ मीटर जाडीचा असून त्यातील वेग सेकंदाला ६०० मीटर आहे, त्याखालील वेग २००० मीटर आहे आणि डेटम ३०० मीटरवर ठरवला आहे. विदारित थर पार करण्यास २० मिलीसेकंद लागतात. त्याच्या तळापासून, म्हणजे ४०० मीटरपासून, डेटमपर्यंतच्या १०० मीटरना ५० मिलीसेकंद लागतात. एकूण ७० मिलीसेकंद वजा करावे लागतात, म्हणजे ट्रेस तेवढा वर सरकतो. केवळ उंचीची दुरुस्ती करून विदारित थराकडे दुर्लक्ष केले असते, तर ११२ मीटरना २००० ने भागून ५६ मिलीसेकंद आले असते आणि १४ मिलीसेकंदांची चूक डेटामध्ये तशीच राहिली असती. थराची जाडी रेषेवर सर्वत्र सारखी असती तर ही चूक निरुपद्रवी ठरली असती. ती सारखी नसते, म्हणूनच हा खटाटोप करावा लागतो.

रिप्लेसमेंट वेग विदारित थराखालील खडकाच्या वेगाजवळचा असावा आणि शक्यतो संपूर्ण प्रकल्पासाठी एकच ठेवावा. शेजारच्या दोन सर्वेक्षणांत वेगळे डेटम किंवा वेगळे रिप्लेसमेंट वेग वापरले असतील, तर त्यांच्या जोडावर परावर्तनात पायरी दिसते, आणि तिला विभंग समजण्याची चूक अर्थनिर्वचन करणारे लोक कधीकधी करतात.

स्फोटक छिद्रात खोल ठेवलेले असेल तर शॉटची दुरुस्ती वेगळी होते का?

होते. वरच्याच ठिकाणी १८ मीटर खोल छिद्र असेल, तर स्फोटक ३९४ मीटरवर, म्हणजे विदारित थराच्या खाली, येते. तेथून डेटमपर्यंतचे अंतर ९४ मीटर असल्याने शॉटची दुरुस्ती ४७ मिलीसेकंद होते. छिद्रातून पृष्ठभागापर्यंतचा अपहोल वेळ २० अधिक ३, म्हणजे २३ मिलीसेकंद असतो. तो ४७ मध्ये मिळवला की त्याच ठिकाणच्या रिसिव्हरचे ७० मिलीसेकंद पुन्हा मिळतात. ही बेरीज जुळते का हे काही ठिकाणी हाताने तपासावे. शॉटच्या खोलीचे हेडर, म्हणजे ट्रेससोबतच्या माहितीतील ती नोंद, शून्य राहिले असेल, तर सॉफ्टवेअर स्फोटक पृष्ठभागावर आहे असे समजून ७० मिलीसेकंद वजा करते, आणि या २३ मिलीसेकंदांच्या चुकीबद्दल कोणताही इशारा मिळत नाही.

दुरुस्तीचे चिन्ह अधिक की उणे, हे कसे ओळखावे?

याला सार्वत्रिक उत्तर नाही. काही प्रणालींत अधिक मूल्य ट्रेस खाली ढकलते, तर काहींत हेडरमधील मूल्य वजा केले जाते. सायस्मिक युनिक्समधील स्टॅटिक लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तर मिळवायचे की वजा करायचे हा स्वतंत्र पर्यायच दिलेला आहे. मार्गदर्शिकेवर विसंबण्यापेक्षा ५०० मिलीसेकंदांवर एकच टोक असलेला कृत्रिम ट्रेस तयार करून त्यावर २० मिलीसेकंद लावून पाहावेत आणि टोक ४८० वर गेले की ५२० वर, हे नोंदवून ठेवावे.

एसईजी-वाय हेडरमध्ये स्टॅटिकची मूल्ये दिसतात. मग ती लागू झालेली आहेत असे समजावे का?

समजू नये. सर्वाधिक गोंधळ याच ठिकाणी होतो, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देणे भाग आहे. एसईजी-वाय हे सायस्मिक डेटा साठवण्याचे फाइलचे स्वरूप आहे. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मूळ मानकात ट्रेस हेडरच्या ९९–१०० या बाइटमध्ये शॉटची स्टॅटिक दुरुस्ती, १०१–१०२ मध्ये रिसिव्हरची आणि १०३–१०४ मध्ये लागू केलेली एकूण दुरुस्ती ठेवण्याची सोय आहे. पहिल्या दोन जागांतील मूल्ये ही केवळ माहिती असते. तिसऱ्या जागेत शून्य असेल तर काहीच लागू झालेले नाही, असा त्याचा अर्थ व्हायला हवा. परंतु ही जागा भरण्याची शिस्त सगळे पाळत नाहीत. म्हणून फाइल हाती आल्यावर तिचे मजकुरी हेडर वाचावे, तिन्ही जागांतील मूल्यांचे आलेख रेषेच्या अंतरावर काढावेत आणि एखाद्या शॉटचे पहिले आगमन पाहावे. पहिल्या आगमनांत जमिनीच्या चढउतारांशी जुळणारे खाचखळगे दिसत असतील, तर दुरुस्ती बहुधा लागू झालेली नाही.

या जागा दोन बाइटच्या पूर्णांकांच्या आहेत आणि एकक मिलीसेकंद आहे. त्यामुळे १७.६ मिलीसेकंदांचे मूल्य तेथे १७ किंवा १८ होऊन बसते. २००२ च्या सुधारित आवृत्तीत २१५–२१६ या बाइटमध्ये वेळांसाठी गुणक ठेवण्याची सोय झाली, आणि तो गुणक ९५ ते ११४ या बाइटमधील वेळांना लागू होतो. मात्र वाचणारे सॉफ्टवेअर तो पाहते की नाही, हे तपासल्याशिवाय गृहीत धरू नये. उंची आणि खोली यांचा गुणक ६९–७० मध्ये असतो. तो धन असेल तर गुणायचे आणि ऋण असेल तर भागायचे. हेडरमध्ये ४१२३ आणि गुणक उणे १० असेल तर उंची ४१२.३ मीटर होते. हा गुणक विसरला तर चूक इतकी अवाढव्य असते की ती लगेच पकडली जाते. धोका खरा असतो तो छोट्या, दिसायला पटणाऱ्या चुकांचा.

एकूण, मोजलेली दुरुस्ती एका हेडरमध्ये, लागू झालेली दुसऱ्यात आणि उरलेली तिसऱ्यात, अशी विभागणी प्रकल्पाच्या सुरुवातीलाच ठरवून घ्यावी. कोणत्याही टप्प्यावर उरलेल्या दुरुस्तीचे हेडर आणि लागू झालेल्या दुरुस्तीचे हेडर यांची बेरीज मोजलेल्या मूल्याएवढीच यायला हवी.

संपूर्ण दुरुस्ती एकदमच अंतिम डेटमपर्यंत का लावू नये? फ्लोटिंग डेटमची गरज काय?

कारण वेगांचे विश्लेषण बिघडते. समजा, एक परावर्तन शून्य ऑफसेटला १ सेकंदावर असून त्याचा स्टॅकिंग वेग सेकंदाला २५०० मीटर आहे. २००० मीटर ऑफसेटला ते सुमारे १.२८१ सेकंदांवर दिसते. संपूर्ण गॅदर, म्हणजे एकत्र घेतलेल्या ट्रेसचा गट, २०० मिलीसेकंद वर सरकवला की ही मूल्ये ०.८ आणि १.०८१ सेकंद होतात. ऑफसेट मात्र तेवढाच राहतो. या नव्या वक्रावरून वेग काढला तर तो जवळपास २७५० मीटर येतो. म्हणजे खडक न बदलता वेगात दहा टक्के वाढ झाली.

यावरचा मार्ग असा की शॉट आणि रिसिव्हर यांच्या प्रत्येक मध्यबिंदूतील सर्व ट्रेसच्या दुरुस्त्यांची सरासरी बाजूला काढायची, त्या सरासरीपासूनचा प्रत्येक ट्रेसचा फरक तेवढा मूव्हआउटच्या आधी लावायचा आणि सरासरी स्टॅकनंतर, म्हणजे हे ट्रेस एकत्र मिळवल्यानंतर, लावायची. मधल्या काळात डेटा जमिनीच्या गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागाजवळ, म्हणजे फ्लोटिंग डेटमवर, राहतो. वेगाची सारणी दुसऱ्या कोणाकडे पाठवताना ती कोणत्या डेटमवरून मोजली आहे, हे लिहिणे विसरू नये. अन्यथा ती सारणी निरुपयोगी असते.

दुरुस्ती लावल्यावर वरचा डेटा कापला गेला. असे का झाले?

उंच जमीन आणि खालचा डेटम असला की उथळ परावर्तने ऋण वेळेत जातात आणि सॉफ्टवेअर ती टाकून देते. सर्व ट्रेसना आधी एक समान शिफ्ट द्यावी किंवा ट्रेसचा आरंभवेळ ऋण ठेवता येत असेल तर तसा ठेवावा. ही समान शिफ्टही हिशेबात नोंदवावी.

नमुन्याच्या अंतरापेक्षा लहान शिफ्ट कशी लागू होते?

दोन मिलीसेकंदांच्या नमुन्यावर ३.४ मिलीसेकंदांची शिफ्ट लावायची, तर सॉफ्टवेअर एक तर जवळच्या नमुन्यावर पूर्णांकन करते किंवा मधली मूल्ये अंतर्वेशनाने काढते. पूर्णांकनात एक मिलीसेकंदापर्यंत चूक राहते, आणि शॉट, रिसिव्हर व उर्वरित स्टॅटिक वेगवेगळ्या वेळी लावल्यास ती साचत जाते. रेषीय अंतर्वेशन त्याहून फसवे आहे, कारण अर्ध्या नमुन्याची शिफ्ट दिली की १२५ हर्ट्झवरील आयाम ७१ टक्क्यांवर येतो. सिंक अंतर्वेशन किंवा वारंवारता क्षेत्रातील फेज शिफ्ट वापरावी आणि शक्यतो सगळ्या दुरुस्त्यांची बेरीज करून ती एकदाच लावावी.

रिफ्रॅक्शन स्टॅटिक केले असेल तर रेसिड्युअल स्टॅटिक कशासाठी?

दोन्हींची कामे वेगळी आहेत. पहिल्या आगमनांवरून थराची जाडी आणि वेग काढणाऱ्या पद्धती, मग त्या डिले टाइमच्या असोत की टोमोग्राफीच्या, दीर्घ तरंगलांबीचे बदल पकडतात. शेजारशेजारच्या ट्रेसमधील काही मिलीसेकंदांचा विस्कळीतपणा मात्र त्यांच्या हातून निसटतो. रेसिड्युअल स्टॅटिक हा विस्कळीतपणा काढते. उलट, रिसिव्हरच्या पसाऱ्याच्या लांबीहून मोठे बदल रेसिड्युअल स्टॅटिकला दिसतच नाहीत, कारण एका गॅदरमधील सगळे ट्रेस अशा बदलाने एकत्रच सरकतात आणि परस्परसंबंधात फरक पडत नाही. त्यामुळे स्टॅक अगदी स्वच्छ दिसूनही चुकीचा असू शकतो. सेकंदाला ३००० मीटर वेगाच्या खडकात १० मिलीसेकंदांची दुपदरी वेळेची दीर्घ चूक खोलीत १५ मीटरचा खोटा उंचवटा निर्माण करते, आणि कमी उठावाच्या रचना शोधताना एवढा उंचवटा पुरेसा मोहक असतो. असा उंचवटा उथळ ते खोल सर्व परावर्तनांत सारख्याच आकाराने दिसत असेल, तर पहिला संशय स्टॅटिकवर घ्यावा.

काही मिलीसेकंदांच्या उरलेल्या चुकांनी खरेच एवढा फरक पडतो का?

उच्च वारंवारतेला नक्कीच पडतो. चुकांचे वितरण सामान्य, म्हणजे गॉसियन, असून प्रमाण विचलन ४ मिलीसेकंद असेल, तर स्टॅकमध्ये ४० हर्ट्झचा आयाम साधारण ६० टक्के उरतो आणि ६० हर्ट्झचा ३२ टक्के. म्हणजे स्टॅटिकच्या चुका हे एक न मागितलेले लो-पास फिल्टर असते. स्टॅकमध्ये तीक्ष्णता नाही म्हणून डीकॉन्व्होल्यूशनच्या, म्हणजे स्पंद आखूड करून तीक्ष्णता वाढवण्याच्या प्रक्रियेच्या, मागे लागण्यापूर्वी हे तपासलेले बरे.

रेसिड्युअल स्टॅटिक चालवल्यावर स्टॅक सुधारण्याऐवजी बिघडला. काय पाहावे?

या पद्धतीत प्रत्येक ट्रेसची वेळ चार भागांची बेरीज मानली जाते: शॉटची, रिसिव्हरची, भूरचनेची आणि उरलेल्या मूव्हआउटची, जी ऑफसेटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हे विघटन १९७० च्या दशकात टॅनर, केहलर आणि अल्हिलाली यांच्या १९७४ च्या आणि विगिन्स, लार्नर व विसेकप यांच्या १९७६ च्या कामाने रूढ झाले. १९८५ मध्ये रोनेन आणि क्लेअरबाउट यांनी स्टॅकची शक्ती जास्तीत जास्त करण्याचा वेगळा मार्ग मांडला. पद्धत कोणतीही असो, बिघाडाचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे सायकल स्किप. ४० हर्ट्झच्या प्रबळ वारंवारतेला एक आवर्तन २५ मिलीसेकंदांचे असते. कमाल शिफ्टची मर्यादा १२.५ मिलीसेकंदांपलीकडे ठेवली, तर संगणक शेजारच्या टोकाशी जुळवून मोकळा होतो. म्हणून मोठ्या दुरुस्त्या आधी रिफ्रॅक्शनने काढाव्यात आणि येथे मर्यादा आवळून ठेवावी. खिडकी एका ठळक परावर्तनापुरती न ठेवता अनेक परावर्तने सामावणारी, पण पहिल्या आगमनांपासून आणि ग्राउंड रोलपासून, म्हणजे पृष्ठभागालगत येणाऱ्या लहरींपासून, दूर ठेवावी. एखाद्या रिसिव्हरला सतत अर्ध्या आवर्तनाएवढे मूल्य मिळत असेल तर त्याची ध्रुवता उलटी नाही ना, हे पाहावे. वेग चुकीचे असले की त्यांचा काही भाग स्टॅटिकमध्ये मुरतो, म्हणून स्टॅटिक आणि वेगाचे विश्लेषण हे चक्र दोनदा तरी फिरवण्याची प्रथा आहे. मूल्ये मूव्हआउट लावलेल्या गॅदरवर मोजली जातात, पण ती लावायची मूव्हआउट नसलेल्या गॅदरवर, हेही येथे सांगितले पाहिजे.

आयाम दुरुस्तीत प्रथम काय करावे?

भौमितिक विस्ताराची, म्हणजे गोलाकार प्रसाराची, दुरुस्ती. एकजिनसी माध्यमात आयाम अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. थरांच्या माध्यमात वेग खोलीबरोबर वाढत असल्याने लहर अधिक पसरते, आणि न्यूमन यांनी १९७३ मध्ये दाखवल्याप्रमाणे शून्य ऑफसेटला गुणक वेळ आणि आरएमएस, म्हणजे वर्गांच्या सरासरीच्या वर्गमूळाने काढलेल्या, वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात येतो. वेग माहीत नसताना वेळेच्या वर्गाने गुणण्याची पद्धत सुरुवातीला पुरेशी चांगली चालते, कारण तिचा एक घात विस्तारासाठी आणि दुसरा ढोबळमानाने शोषणासाठी खर्च होतो. मात्र दोन्ही एकत्र लावू नयेत. शिवाय, परावर्तने त्यांच्या खऱ्या जागी नेणारे काही प्रीस्टॅक मायग्रेशन प्रोग्रॅम खरा आयाम राखण्यासाठी ही दुरुस्ती आतच करतात. अशा वेळी आधी लावलेला गुणक मायग्रेशनपूर्वी काढून टाकावा लागतो, आणि तो काढता यावा म्हणून नेमके कोणते सूत्र व कोणते वेग वापरले याची नोंद हवी.

शोषणाची दुरुस्ती वेगळी करावी का?

ज्या डेटाचे गुणोत्तर चांगले, म्हणजे ज्यात संकेत गोंगाटापेक्षा बराच वर आहे, त्यावर करावी. खडक लहर किती कमी शोषतो हे सांगणारा गुणवत्ता घटक १०० असेल, तर एका सेकंदात ५० हर्ट्झचा आयाम सुमारे २१ टक्क्यांवर, म्हणजे १३.६ डेसिबलने खाली येतो. ही तूट भरून काढताना गोंगाटही तितकाच वाढतो, म्हणून वाढीला डेसिबलमध्ये कमाल मर्यादा घालावी.

ऑटोमॅटिक गेन कंट्रोल वापरावे की वापरू नये?

पडद्यावर पाहण्यासाठी खुशाल वापरावे. प्रक्रियेत मात्र ते कायमचे लावणे टाळावे. सरकत्या खिडकीत, समजा ५०० मिलीसेकंदांच्या, सरासरी आयाम काढून प्रत्येक नमुना त्याने भागला जातो. परिणामी एखाद्या तीव्र परावर्तनाच्या वरखाली फिकट पट्टे पडतात आणि ऑफसेटनुसार आयामात होणारा बदल नाहीसा होतो, जो एव्हीओ अभ्यासाचा प्राण आहे. एकदा तो गेला की नंतरच्या कोणत्याही टप्प्यात परत येत नाही.

दोन अपवाद मला रास्त वाटतात. रेसिड्युअल स्टॅटिकचा अंदाज काढताना केवळ वेळा हव्या असतात, म्हणून डेटाच्या तात्पुरत्या प्रतीवर हे नियंत्रण लावून मूल्ये मोजावीत आणि ती मूळ डेटावर लावावीत. दुसरे, काही गोंगाटनिवारण फिल्टरना संतुलित आयाम लागतो. तेथे गेनचे गुणक जतन करून फिल्टरनंतर उलटे लावता येतात. ही सोय सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर फिल्टरची दुसरी पद्धत शोधावी. पडद्यावरचा गेन आणि फाइलमधला गेन यांत गल्लत होऊ नये म्हणून दर काही टप्प्यांनंतर डेटा कोणत्याही गेनशिवाय एकदा पाहण्याची सवय ठेवावी.

सर्फेस-कन्सिस्टंट आयाम दुरुस्ती म्हणजे काय आणि ती केव्हा करावी?

स्टॅटिकमध्ये जसे शॉट आणि रिसिव्हर यांचे हिस्से वेगळे केले, तसेच येथे आयामाचे करतात. टॅनर आणि केहलर यांनी १९८१ मध्ये ही कल्पना मांडली. ट्रेसचा आयाम शॉट, रिसिव्हर, मध्यबिंदू आणि ऑफसेट यांच्या घटकांचा गुणाकार मानून त्याचे लॉगॅरिदम घेतले, की गुणाकाराची बेरीज होते आणि समीकरणे सोडवता येतात. लागू करायचे ते फक्त शॉटचे आणि रिसिव्हरचे घटक. मध्यबिंदूचा घटक भूगर्भाची माहिती सांगतो आणि ऑफसेटचा घटक एव्हीओची. ते मोजायचे, पण डेटावर लावायचे नाहीत. काही मॉड्यूलमध्ये चारही पर्याय आपोआप निवडलेले असतात, हे येथे ध्यानात ठेवावे.

गोंगाट काढण्याआधी ही दुरुस्ती केली तर फसवणूक होते. आरएमएस मूल्यात आयामाचा वर्ग येतो, त्यामुळे एखाद्या ट्रेसवरील एका तीव्र झटक्यानेही त्याचे मूल्य फुगते आणि दुरुस्ती त्या रिसिव्हरवरचा चांगला संकेत दाबून टाकते. खराब ट्रेस वगळणे, विस्ताराची दुरुस्ती, गोंगाटनिवारण, मग ही दुरुस्ती आणि त्यानंतर डीकॉन्व्होल्यूशन हा क्रम सोयीचा आहे. डीकॉन्व्होल्यूशननंतर ती पुन्हा एकदा हलक्या हाताने करता येते. मिळालेले शॉट आणि रिसिव्हर घटक नकाशावर मांडून पाहावेत. पृष्ठभागाच्या प्रकाराशी त्यांचा मेळ बसत असेल तर उत्तर विश्वासार्ह आहे. नकाशावर खोल रचनेचा आकार उमटत असेल तर खिडकी चुकली आहे.

डेटा लोड केल्यावर आयाम वेडेवाकडे दिसतात. दुरुस्तीने सुटेल का?

नाही. बहुधा फाइलचे स्वरूप चुकीचे वाचले गेले आहे. बायनरी हेडरमधील स्वरूपाचा संकेतांक १ असेल तर आयबीएम फ्लोटिंग पॉइंट आणि ५ असेल तर आयईईई असा अर्थ होतो. संकेतांक चुकीचा असेल तरी परावर्तने ओळखू येतात, आयाम तेवढे बिघडतात, आणि गेन लावला की ही चूक झाकली जाते.

समुद्रातील डेटाला स्टॅटिक लागते का?

लागते, पण साधी. स्रोत ६ मीटर आणि केबल ८ मीटर खोल असेल, तर समुद्रपातळीवर आणण्यासाठी १४ मीटरना सेकंदाला १५०० मीटर या वेगाने भागून सुमारे ९.३ मिलीसेकंद मिळवावे लागतात. भरती-ओहोटी आणि पाण्यातील वेगाचे बदल हे वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या शेजारच्या रेषांमध्ये जाणवतात.

स्टॅटिक शिफ्ट पुरेशी नाही हे कशावरून ओळखावे?

उथळ आणि खोल परावर्तनांना वेगवेगळ्या शिफ्टची गरज भासू लागली, म्हणजे किरण उभे असल्याचे गृहीतक मोडले आहे. पृष्ठभागावरच कठीण, वेगवान खडक असला, डोंगराळ भागात डेटम जमिनीपासून शेकडो मीटर दूर असला, किंवा गोठलेल्या जमिनीसारखा वेगवान थर मंद थरावर असला, की असे होते. तेव्हा डेटमवर नेण्यासाठी बेरीहिल यांनी १९७९ मध्ये मांडलेले तरंग-समीकरणाचे डेटमिंग वापरावे, किंवा पृष्ठभागालगतचे टोमोग्राफी मॉडेल वेगाच्या मॉडेलमध्येच ठेवून प्रत्यक्ष भूपृष्ठावरून डेप्थ मायग्रेशन करावे. दुसऱ्या मार्गात दीर्घ तरंगलांबीची स्टॅटिक डेटामधून काढून घ्यावी लागते आणि फक्त ऱ्हस्व तरंगलांबीची ठेवावी लागते, कारण दीर्घ भागाचा विलंब आता मॉडेलमधील वेगच देणार असतो. हा भाग दोन्हीकडे राहिला तर तीच दुरुस्ती दोनदा होते, आणि मायग्रेशननंतरच्या चित्रात ती शिफ्ट म्हणून न दिसता वेगाची चूक म्हणून दिसते.